इव्हेंट ड्रिव्हन का लो लेटन्सी? आधी सांगा, थांबलंय कोण

इव्हेंट ड्रिव्हन आर्किटेक्चर करू का लो लेटन्सी करू असं कुणी विचारलं की मी उलटं विचारतो, तुझ्या सिस्टीमसमोर थांबलंय कोण आणि ते किती वेळ थांबू शकतंय? यावर बहुतेक जण गप्प. मग कळतं की प्रश्न प्रोजेक्टमधनं आलेलाच नाही, इंटरव्ह्यूच्या तयारीतनं आलाय.

कोल्हापुरात बसून ही दोन्ही प्रकरणं जवळनं बघायला मिळतात, त्यासाठी बेंगळुरूला जायची गरज नाही. एकीकडं गावोगावच्या दूध संस्था, दुसरीकडं शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली फौंड्री अन् मशीन शॉप. सॉफ्टवेअर दोन्हीकडं लागतं पण वेळेचा हिशेब एकदम वेगळा, आणि त्या हिशेबावरनंच कुठं काय वापरायचं ते ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही दोन्ही एका तराजूत घालायची नाहीतच. इव्हेंट ड्रिव्हन म्हणजे सिस्टीमचे तुकडे एकमेकांशी बोलतात कसे त्याची रचना. लो लेटन्सी म्हणजे अमुक काम अमुक वेळात झालंच पाहिजे ही अट, आणि ती पाळायला कोडपासून हार्डवेअरपर्यंत जी काय खटपट करावी लागते ती सगळी. दोन्ही एकत्र असू शकतात, एकच असू शकतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बऱ्याच कामांना दोन्हीपैकी काहीच लागत नाही. तरी लोक मध्ये 'का' घालून विचारतात त्याला कारण आहे. एकाची सोय दुसऱ्याच्या मुळावर येते. तुकडे सुटे करून मध्ये ब्रोकर (एकाचे मेसेज घेऊन दुसऱ्याला पोचवणारा मधला प्रोग्रॅम) बसवला की वेळ वाढतो, आणि वेळ कमी करायला गेलं की सुटे केलेले तुकडे परत एकाच प्रोसेसमध्ये आणावे लागतात.

इव्हेंट म्हणजे काय ते पावसाळ्यात राधानगरी धरणाकडं बघितलं की लगेच डोक्यात बसतं. धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या परवानगीची वाट बघत नाहीत. दरवाजा उघडला ही घडलेली गोष्ट, बस्स. त्यावर पाटबंधारे खातं विसर्गाचा आकडा काढतं, आपत्ती व्यवस्थापन कक्ष मेसेज सोडतो, आंबेवाडी-चिखलीतली माणसं जनावरं हलवायचा विचार करायला लागतात, आणि निम्मं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाच्या इशारा पातळीला आलं का ते बघत बसतं. दरवाजाला यातलं कायबी माहीत नसतं. ऐकणारे दहा असोत नाहीतर शंभर, त्याचं काम तेवढंच. उद्या अजून एक खातं ऐकायला लागलं तर दरवाज्यात काही बदल करावा लागत नाही. इव्हेंट ड्रिव्हनचा सगळा फायदा याच्यात आला. आणि हेही बघा की पाणी खाली पोचायला तास लागतात, त्यामुळं मेसेज दोन सेकंद उशिरा गेला तरी कुणाचं काही अडत नाही.

आता दूध संस्थेचं बघू, कारण तिथं हे सॉफ्टवेअरमध्ये उतरलेलं दिसतंय. सकाळी संस्थेत रांग लागते. सभासद दूध ओततो, काट्यावर वजन येतं, सँपल ॲनालायझरला लागतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दरपत्रकावरनं दर निघतो, पावती फाटते. समजा सभासद नंबर २१४, म्हैस, ६.४ लिटर, फॅट ७.१, एसएनएफ ९.१, सकाळ पाळी. ही झाली घडलेली गोष्ट. यानंतर त्याच्यावर चार-पाच कामं होतात: खात्याला रक्कम चढते, मोबाईलवर एसएमएस जातो, संघाकडं संकलनाचा आकडा जातो, टँकरवाल्याला आज किती दूध निघणार याचा अंदाज लागतो, आणि एखाद्याचं फॅट अचानक पडलं तर कुणीतरी जाऊन जनावर बघायला पाहिजे.

साधा प्रोग्रॅमर हे सगळं एकाखाली एक लिहितो. वजन घे, फॅट घे, खात्यावर चढव, एसएमएस पाठव, संघाच्या सर्व्हरला कळव, मग पावती दे. ऑफिसात टेस्ट करताना झकास चालतं. गावात मात्र एसएमएसवाल्या कंपनीचा सर्व्हर समजा ४ सेकंद घ्यायला लागला आणि रांगेत २०० माणसं आहेत, तर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर रांग नुसती एसएमएससाठी थांबली. आणि गगनबावड्याकडं रेंजच गेली तर पावतीच निघत नाही, सचिव वैतागून वही काढतो. दूध मोजायला आणि एसएमएसला एकमेकांची वाट बघायला लावायचं काही कारणच नव्हतं. म्हणून मोजमाप झालं की ते जागेवरच्या डेटाबेसात पक्कं लिहायचं, पावती द्यायची, माणूस घरी. बाकीची कामं ती नोंद बघून आपापल्या वेगानं होत राहतील, रेंज आली की.

इथं डोकं एका जागी चालवावं लागतं. नोंद डेटाबेसात लिहिली आणि ब्रोकरला इव्हेंट पाठवायच्या आत लाईट गेली तर? खात्याला दूध दिसतंय पण संघाला पत्ता नाही. उलटं केलं, आधी इव्हेंट पाठवला आणि नोंद लिहायच्या आत बंद पडलं, तर संघाला दूध दिसतंय आणि संस्थेत नाही. यावर आऊटबॉक्स नावाची पद्धत आहे. दुधाची नोंद आणि 'हे पाठवायचंय' ही चिठ्ठी, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये एकाच डेटाबेसात लिहायच्या, म्हणजे एक तर दोन्ही राहतात नाहीतर दोन्ही जातात. मग एक वेगळा वर्कर त्या चिठ्ठ्या उचलून पाठवत बसतो.

पण मग तो वर्कर पाठवतो, पोच यायच्या आत नेट जातं, त्याला वाटतं गेलं नाही, परत पाठवतो. संघाकडं सभासद २१४ चं ६.४ लिटर दोनदा. दहा दिवसाच्या बिलात दुप्पट पैसे गेले तर सभासद कशाला बोलतोय, बोंब होते ती ऑडिटला. बहुतेक ब्रोकर 'किमान एकदा पोचवतो' एवढंच वचन देतात, नेमकं एकदाच हे काम शेवटी तुमच्या कोडलाच करावं लागतं. काफ्का नावाच्या ब्रोकरमध्ये २०१७ ला आवृत्ती ०.११ पासनं नेमकं-एकदाची सोय आली, पण ती काफ्कातनं वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती, तुमच्या बँकेच्या खात्याला किंवा एसएमएसला ती लागू नाही. म्हणून प्रत्येक इव्हेंटला कधीच न बदलणारी ओळख द्यायची: संस्थेचा कोड, सभासद नंबर, तारीख, पाळी, आणि त्या पाळीतला सलग नंबर. हा सलग नंबर विसरू नका, कारण एकाच सभासदाकडनं म्हशीचं आणि गाईचं असं दोनदा दूध येतं आणि ती डुप्लिकेट नसते. घेणाऱ्यानं बघायचं, ही ओळख आधी आलीय का, आली असली तर गप सोडून द्यायची.

दुसरी भानगड क्रमाची. सचिवानं चुकून ६४ लिटर टाकलं, मग दुरुस्ती करून ६.४ केलं. दुरुस्तीचा इव्हेंट आधी पोचला आणि मूळचा नंतर, तर शेवटी खात्याला ६४ च राहणार. काफ्कात एका प्रकारच्या मेसेजचा एक टॉपिक असतो आणि त्याचे भाग म्हणजे पार्टिशन. क्रमाची खात्री एका पार्टिशनच्या आतच असते, सगळ्या टॉपिकभर नाही. त्यामुळं मेसेजची 'की' (कुठल्या पार्टिशनला जायचं ते ठरवणारी खूण) म्हणून संस्था आणि सभासद नंबर मिळून दिला, तर एका सभासदाचे सगळे इव्हेंट एकाच पार्टिशनला जातात आणि आले त्या क्रमानं वाचले जातात. पाठवणाऱ्यानंही ते ओळीनंच पाठवायला पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको.

काफ्काचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे लिंक्डइनमध्ये तयार झालं, २०११ ला ओपन सोर्स केलं, आणि ते बनवणाऱ्या तिघांत नेहा नारखेडे ही आपल्या पुण्याची. आतनं गोष्ट साधी आहे, एक लांबच लांब वही, फक्त शेवटी लिहायचं, आणि प्रत्येक वाचणारा आपण कुठवर वाचलं ते लक्षात ठेवतो. त्यामुळं नवीन वाचणारा आला तर तो महिन्यापूर्वीपासनं सगळं परत वाचू शकतो, तेवढे दिवस वही ठेवली असली तर. पण वेग कुठनं येतो बघा. मेसेजचे गठ्ठे करून एकदम पाठवण्यातनं. गठ्ठा करायचा म्हणजे पहिल्या मेसेजला बाकीच्यांची वाट बघावी लागणार, त्यासाठी लिंगर नावाची सेटिंगच आहे. दिवसाला किती कोटी मेसेज जातात याला थ्रूपुट म्हणतात आणि एका मेसेजला किती वेळ लागला याला लेटन्सी, आणि लोक पहिला आकडा दाखवून दुसऱ्याबद्दल फुशारकी मारतात. चांगलं बसवलेलं काफ्का एकाच डेटासेंटरात काही मिलिसेकंदात मेसेज पोचवतं. दुधाला हे चैनीचं झालं. आता शिरोलीला चला.

सीएनसी (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या) मशीनवर जॉब लागलाय, स्पिंडल म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा ३००० आरपीएमनं फिरतोय. म्हणजे सेकंदाला ५० फेरे, एका फेऱ्याला २० मिलिसेकंद. फीड ०.२ मिमी प्रति फेरा धरला तर टूल सेकंदाला १० मिमी पुढं सरकतंय. टूलच्या इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) टीप तुटली, स्पिंडलचा लोड उसळला, तुमच्या सॉफ्टवेअरनं ते ओळखून फीड थांबवायचंय. हा लोडचा आकडा आधी मुंबईच्या क्लाऊडला पाठवला, तिथं ब्रोकर, तिथनं सर्व्हिस, तिथनं निर्णय परत, असे १०० मिलिसेकंद गेले तर तोवर तुटलेलं टूल ५ फेरे घेऊन १ मिमी आत घुसलं. जॉब स्क्रॅप, होल्डर पण गेला असंल. तेच मशीनशेजारच्या डब्यात १ मिलिसेकंदात ठरलं तर ०.०१ मिमी. मशीनच्या सर्व्हो मोटरला थांबायला लागतो तो वेळ वेगळा, पण निदान आपण त्यात भर तरी घातली नाही.

आणि मुंबईचं म्हणाल तर त्याला कोडिंग करून इलाज नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं पावणेचारशे-एक किलोमीटर, फायबर तेवढंच लांब धरलं तरी जाऊन-येऊन पावणेचार मिलिसेकंद, मधले राऊटर-स्विच अजून धरलेच नाहीत. तुम्ही रस्ट वापरा नाहीतर सी प्लस प्लस वापरा, हा आकडा हलत नाही. म्हणूनच शेअर बाजारात पळणारे लोक आपला सर्व्हर एक्सचेंजच्या बिल्डिंगमध्येच नेऊन ठेवतात, त्याला कोलोकेशन म्हणतात. लो लेटन्सीत पहिला प्रश्न 'हे काम चालणार कुठं' हा असतो, भाषा कुठली हा फार नंतर.

जागा ठरल्यावर मग आतले आकडे येतात. ढोबळ धरा: सीपीयूला त्याच्या सगळ्यात जवळच्या कॅशेतनं डेटा मिळायला १ नॅनोसेकंद, रॅममधनं १०० च्या आसपास, एसएसडीवरनं उचलायला १०० मायक्रोसेकंदाच्या घरात, आणि एकाच डेटासेंटरात दुसऱ्या मशीनला विचारून उत्तर यायला अर्धा मिलिसेकंद. म्हणजे एक नेटवर्क कॉल वाचवला तर जेवढी बचत होते तेवढी हजार ओळी घासूनपुसून होणार नाही. हे लक्षात न घेता पोरं लूप ऑप्टिमाइझ करत बसतात आणि त्याच लूपमध्ये डेटाबेसला विचारतात.

खरा त्रास सरासरीचा नसतोच, अधनंमधनं येणाऱ्या झटक्याचा असतो. हजारातले ९९९ वेळा २ मिलिसेकंद आणि एकदा ३००, कारण नेमका त्या क्षणी जावाचा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा) साफसफाईला उठला. सरासरी काढली तर अडीच मिलिसेकंदाच्याही खालीच येते, रिपोर्ट हिरवागार, आणि टूल मोडलं ते नेमकं त्या तीनशेच्या वेळी. म्हणून ९९ टक्के वेळा किती, ९९.९ टक्के वेळा किती, आणि सगळ्यात वाईट किती, हे बघायचं. तुकडे वाढले की हे अजून चिघळतं. एका रिक्वेस्टला १०० सर्व्हिसकडनं उत्तर पाहिजे आणि प्रत्येक सर्व्हिस शंभरात फक्त एकदा हळू आहे असं धरलं, तर साधं गणित करा, शंभरातल्या ६३ रिक्वेस्टना कुठली ना कुठली हळू सर्व्हिस गाठणारच. सुट्या तुकड्यांची किंमत ही अशी मोजावी लागते.

झटके घालवायचे तर कोड असा लिहावा लागतो की बघणारा म्हणंल ह्याला प्रोग्रॅमिंग येत नाही का. मेमरी सुरुवातीलाच घेऊन ठेवायची, मध्ये नवीन ऑब्जेक्ट करायचंच नाही. लॉक टाळायचे. थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्र चालणाऱ्या एका कामाला) सीपीयूचा एक कोर कायमचा बांधून द्यायचा आणि तो काम नसलं तरी झोपत नाही, 'आलं का, आलं का' करत शंभर टक्के सीपीयू खात फिरत राहतो, कारण झोपलेल्याला उठवायला वेळ जातो. गरम वाटेवर (जिथं वेळ मोजूनच आहे तिथं) जेसन म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा नाही, लॉग फाईल नाही. कॅशे ६४ बाइटच्या ओळीनं हलते (बहुतेक इंटेल-एएमडीवर तरी), म्हणून दोन थ्रेड लिहितात ती व्हेरिएबल एका ओळीत शेजारी येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दोघं विनाकारण एकमेकांना अडवतात. अजून पुढं गेलं तर नेटवर्कचं पॅकेट लिनक्सच्या कर्नेलमधनं न आणता डीपीडीके वगैरे लायब्ररीनं थेट प्रोग्रॅममध्ये घ्यायचं. हे सगळं जमतं, पण सांभाळायला माणसं मिळत नाहीत आणि लाईटबिल वेगळं. दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरला कुणी असलं करायलंय असं दिसलं तर हात जोडून थांबवा.

दोन्ही एकत्र कसं नांदतं याचं भारी उदाहरण लंडनच्या एलमॅक्स या ट्रेडिंग एक्सचेंजचं. त्यांनी २०११ ला डिसरप्टर नावाची लायब्ररी उघडी केली. त्यांच्याकडं सगळे ऑर्डर इव्हेंट म्हणूनच येतात, पण ब्रोकरच्या वाटेनं न जाता मेमरीतल्या एका गोल बफरमध्ये, आधीच घेऊन ठेवलेल्या जागांवर, आणि धंद्याचं सगळं लॉजिक एकाच थ्रेडवर चालतं. एका थ्रेडवर सेकंदाला ६० लाख ऑर्डर असा आकडा त्यांनी दिला होता. इव्हेंट डिस्कवर लिहून ठेवलेले असतात, मशीन पडलं तर परत वाचून होतं त्या जागेवर येतं. म्हणजे इव्हेंट म्हटलं की काफ्का, आणि काफ्का म्हटलं की दहा मायक्रोसर्व्हिस, ही साखळी डोक्यातनं काढून टाका.

आपल्या मशीन शॉपमध्येही तसंच वाटून घेता येतं. टूल तुटलं हे ओळखून फीड थांबवायचं काम मशीनशेजारी, छोट्या बंद लूपमध्ये. थांबवून झालं, की मग 'मशीन ७ वर टूल तुटलं' हा इव्हेंट सोडायचा: मेंटेनन्सवाल्याला, स्टोअरला, शिफ्ट रिपोर्टला, आणि राजारामपुरीत चहा पीत बसलेल्या मालकाच्या मोबाईलला. ह्यांना पाच सेकंद उशीर झाला तरी चालतंय. फक्त सीमेवर सांभाळायचं, गरम लूपनं ब्रोकरसाठी कधीच थांबायचं नाही. मध्ये मेमरीत एक मर्यादित रांग ठेवायची. नेट गेलं आणि ती भरली तर काय टाकायचं ते आज ठरवा, रात्री दोनला नाही. स्पिंडल लोडचे जुने आकडे गेले तरी चालतील, पुढच्या क्षणी नवीन येतातच. टूल तुटल्याचा इव्हेंट मात्र जाता कामा नये, तो डिस्कवर लिहायचा. दुधात तर थेंबभर पण टाकायचं नाही, तिथं रांग पहिल्यापासनंच डिस्कवर.

म्हणून मी दोनच गोष्टी विचारतो: उशीर झाला तर काय बिघडतं, आणि हरवलं तर काय बिघडतं. स्पिंडल लोडचा एखादा आकडा हरवला तर काही नाही पण उशीर झाला तर जॉब गेला, तर ते लो लेटन्सीचं. उशीर चालतोय, हरवलेलं चालत नाही, आणि ऐकणारे चार-पाच आहेत अन् वाढणारेत, तर ते इव्हेंटचं. दोन्हीचं उत्तर 'विशेष काही नाही' असं आलं, जे फार वेळा येतं, तर पोस्टग्रेस डेटाबेसात एक टेबल, त्यात 'बाकी' आणि 'झालं' असा स्टेटस, आणि एक वर्कर. स्किप लॉक्ड ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासनं आहे, त्यामुळं तीन वर्कर लावले तरी एकच चिठ्ठी दोघं उचलत नाहीत. तालुक्याभरच्या संस्थांचं काम एवढ्यात निघतं. काफ्काचे तीन ब्रोकर बसवून त्यांची राखण करायला माणूस ठेवायचा तर त्याचा पगार क्लायंटच्या बिलात कुठं लावणार, ते आधी बघा.

आणि काहीही निवडायच्या आधी मोजा. प्रत्येक टप्प्याला वेळ टिपायची: काट्यावर आलं, डेटाबेसात गेलं, पाठवलं, पोचलं, वापरलं. एकाच मशीनवर हे सोपं आहे, पण दोन मशीनची घड्याळं जुळत नसली तर इव्हेंट निघायच्या आधीच पोचलेला दिसतो. एनटीपी (नेटवरनं घड्याळ जुळवायची पद्धत) नीट लावलं की फरक मिलिसेकंदांवर येतो, त्याच्या खाली जायचं असेल तर पीटीपी (त्याहून बारीक जुळवणारी पद्धत) आणि त्याला चालणारं नेटवर्क कार्ड लागतं. संस्थेतल्या जुन्या पीसीचं तर वेगळंच, मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, लाईट जाऊन आली की तारीख पंधरा-वीस वर्षं मागं, आणि रेंज नसल्यामुळं दुरुस्त करायला एनटीपीही नाही. म्हणून इव्हेंटमध्ये दोन वेळा ठेवायच्या, एक मोजल्याची आणि एक सर्व्हरला पोचल्याची, आणि पहिली वेळ आदल्या पाळीच्याही मागची दिसली तर पावती निघायच्या आधीच सचिवाला स्क्रीनवर लाल अक्षरात विचारायचं.